हसू कुणाच्या तोंडचं?

नांदेड-लातूरकडचा माणूस पुण्यात पहिल्यांदा तोंड उघडतो, तेव्हा समोरचा गालात हसतो. विनोद कुठंच झालेला नसतो. ‘मी गावाकडून येयलोय’ किंवा ‘तुम्ही काय करायलेत?’ असं साधं वाक्य झालेलं असतं. लातूरकडचा असला तर ‘जाऊलालो’, ‘करूलालो’ म्हणेल, नांदेडचा असला तर मध्येच ‘हाव’ म्हणेल, ‘कामून’ विचारेल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल, हा आपल्याला हसवायलाच आलाय. मला या हसण्याचा राग यायचा. पण माझा धंदाच हसू विकायचा होता, त्यामुळे रागाबरोबर त्याचा थोडाफार अभ्यासही झाला.

मी मूळचा अहमदपूर तालुक्यातला. नांदेडला वजिराबाद भागात माझं कॅसेटचं दुकान होतं. एका भिंतीला ऑडिओ, दुसऱ्या भिंतीला भाड्यानं द्यायच्या व्हिडिओ कॅसेट. गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू शबद-कीर्तन मागायचे, मोंढ्यातले व्यापारी भजनं न्यायचे, कॉलेजची पोरं सिनेमाची गाणी. कव्वालीचं गिऱ्हाईक वेगळं, लावणीचं वेगळं, आणि लावणीचं गिऱ्हाईक हमखास अंधार पडल्यावर यायचं. हसण्याचा सगळा माल एका फळीवर मावायचा: पु. ल. देशपांडे, दादा कोंडके, चार्ली चॅप्लिन आणि महाराष्ट्र ज्यांना जाड्या-रड्या म्हणतो ते लॉरेल आणि हार्डी.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकानातला टीव्ही लावून बसायचो. जाड्या-रड्याची ‘द म्युझिक बॉक्स’ ही १९३२ ची छोटी फिल्म माझ्या आवडीची. अर्ध्या तासाचा मामला. दोघांना खोक्यात बांधलेला पियानो एका घरी पोचवायचा आहे, आणि घर आहे लांबलचक जिन्याच्या डोक्यावर. पियानो वर जातो, सुटतो, पायऱ्यापायऱ्यांवरून धडधडत रस्त्यावर येतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. एकदा मोंढ्यातले तीन-चार हमाल दारात उभे राहून ते बघायला लागले. पोती उचलायचे लोखंडी आकडे कमरेला तसेच. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. ‘मालक, हे दोघंबी वरूनच वढायलेत. एकानं खाली खांदा लावावं की!’ असं एक जण म्हणाला. दुसऱ्याचं मत पडलं की जाड्या मुकादम आहे, म्हणून तो काही करायला नाही. शेवटी कसाबसा पियानो वर पोचतो, आणि पोस्टमन सांगतो की मागच्या बाजूनं गाडीरस्ता होता. तर हे दोघे काय करतात? पियानो पुन्हा जिन्यानं खाली नेतात, गाडीत घालतात आणि रस्त्यानं वर आणतात. हमाल हसून हसून खाली बसले. त्यातला सगळ्यात वयस्कर होता त्यानं डोळे पुसत विचारलं, ‘मालक, ह्याहिला दोन्ही खेपंचे पैसे भेटले का?’

या फिल्मला त्या वर्षी विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण हमालांचा शेरा मला ऑस्करच्या वरचा वाटतो.

अंगाचा विनोद असा कुठंही चालतो. बस्टर कीटनचं उदाहरण घ्या. १८९५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या पिका नावाच्या खेड्यात तो जन्मला, कारण आईबापांचा फिरता खेळ तेव्हा तिथं मुक्कामाला होता. चालता यायला लागल्यावर बापानं त्याला स्टेजवर घेतलं आणि खेळात इकडून तिकडं फेकायला सुरुवात केली. पोराच्या कपड्याला पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असायची, म्हणजे उचलायला सोपं. आपल्या तमाशाच्या फडांत वाढलेल्या पोरांना यात नवल वाटणार नाही. विठाबाई नारायणगावकरांनी तर खेळ चालू असताना कनातीमागं बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर पाऊल ठेवलं होतं. कीटन मोठेपणी इतका पक्का झाला की ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) या सिनेमात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो उघड्या खिडकीच्या जागी नेमका उभा असल्यानं वाचतो. भिंत खरी, वजनदार. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही.

गंमत बोलण्यात असली की मात्र भानगड सुरू होते. बोलणं आलं की गाव आलं, जात आली, कुणाचं शुद्ध आणि कुणाचं गावंढळ हे आलं. माझ्या फळीवर पुलंचा अंतू बर्वा रत्नागिरीचं बोलायचा. द. मा. मिरासदार, शंकर पाटील यांच्या कथाकथनात पश्चिम महाराष्ट्रातली खेडी बोलायची. आमच्या गोदावरी-मांजरा काठचं कुणी नव्हतंच. त्याला कारणही आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार उर्दूत, शिक्षणही बरंचसं उर्दूतच. मराठी नाटक, मराठी रेकॉर्ड, मराठी सिनेमा हे सगळं मुंबई-पुणे-कोल्हापुरात घडत होतं. आमच्या बोलीत उर्दू आलं, तेलुगू-कानडी आलं, आणि मराठी रंगभूमीच्या हिशेबी ते सगळं अशुद्ध ठरलं. मराठवाड्याचा माणूस नाटकात आलाच तर गडी म्हणून यायचा, आणि त्याचं बोलणं मुंबईचा नट अंदाजानं मारून न्यायचा.

मग माझ्या दुकानात ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची कॅसेट आली.

डॉ. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादचे, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्राध्यापक. एकटा माणूस तीन तास उभा राहून ५२ पात्रं करायचा. मराठवाड्यातल्या खेड्यातलं एक वऱ्हाड लग्नासाठी विमानानं लंडनला जातं, एवढीच कथा. या एकपात्री प्रयोगाची नोंद पुढं गिनेस बुकातही झाली. रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नाही. हातातलं उपरणं डोक्यावर गेलं की बाई, खांद्यावर आलं की गडी. पण कॅसेटवर उपरणं दिसत नाही. तिथं फक्त गळा. तरी गिऱ्हाइकाला म्हातारी कधी बोलली, पोर कधी बोललं, साहेब कधी बोलला हे सांगावं लागत नव्हतं. मी ती कॅसेट विकायच्या निमित्तानं सारखी ऐकली आहे, आणि मला त्यातलं एक कसब फार मोठं वाटतं. देशपांडे सर दोन पात्रांच्या मध्ये थांबायचे नाहीत. एकाच्या वाक्याचं शेपूट अजून हवेत आहे तोवर दुसरा त्याला तोडून बोलायला लागलेला असायचा. आमच्याकडं लग्नघरात माणसं अशीच बोलतात, कुणी कुणाचं पुरतं ऐकत नाही. लेखकानं कागदावर लिहून हे साधत नाही, ते कानात असावं लागतं.

लग्नसराईत ही कॅसेट कर्ण्यावर लागायची. नवरदेव पारावर आलेला, जेवणावळी चाललेल्या, आणि वर कर्ण्यातून आणखी एक वऱ्हाड लंडनला निघालेलं. लोक वाढता वाढता थांबून हसायचे. त्या हसण्यात मला कधी अपमान दिसला नाही. गावचे लोक स्वतःच्याच काकाला, मामाला, आजीला ओळखून हसत होते. तेच वाक्य, तीच बोली, पण बोलणारा आपला होता.

एकट्यानं सगळं गाव उभं करायची ही कला अमेरिकेतही होती. रूथ ड्रेपर नावाची बाई (१८८४ ते १९५६) एखादी शाल, एखादी टोपी घेऊन रिकाम्या रंगमंचावर यायची आणि प्रेक्षकांना नसलेली माणसंही दिसायला लागायची. हॅल होलब्रुकनं मार्क ट्वेनचं सोंग १९५४ पासून साठेक वर्षं केलं. सुरुवातीला त्याला म्हाताऱ्याची रंगभूषा करायला तासन्‌तास लागत. पुढं तो स्वतःच म्हातारा झाला.

दुकान बंद झाल्यावर माझ्याकडं वेळच वेळ आला आणि मोबाइलवर या लोकांचं जुनं काम बघायचा नाद लागला. त्यात एक गोष्ट सारखी पुढं यायची: विसाव्या शतकातला अमेरिकेचा हशा मोठ्या प्रमाणात बोलीवर उभा होता. न्यूयॉर्कमध्ये इटालियन, जर्मन, आयरिश, ज्यू अशी नाना देशांतून आलेली माणसं कोंबलेली, आणि व्हॉडेव्हिल म्हणजे फिरत्या विविधरंगी खेळांत प्रत्येकाच्या उच्चारांची नक्कल हा हुकमी एक्का. मार्क्स बंधूंमधला चिको आयुष्यभर इटालियन ढंगाची इंग्रजी बोलला. घराणं ज्यू, इटलीशी संबंध नाही. त्याचा भाऊ ग्राउचो आधी जर्मन हेल काढायचा. १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं लुसिटानिया जहाज बुडवलं, लोक जर्मनांवर खवळले, आणि ग्राउचोनं तो हेल टाकून दिला, असं सांगतात.

याच मार्क्स बंधूंची आणखी एक गोष्ट आमच्या माळेगावच्या यात्रेत शोभेल अशी आहे. टेक्सासातल्या नॅकोडोचेस गावात ते गाण्याचा खेळ करत होते. बाहेर एक खेचर उधळलं आणि सगळे प्रेक्षक गाणं सोडून खेचर बघायला गेले. परत आले तेव्हा भावांनी चिडून त्या गावाला आणि गावकऱ्यांना यथेच्छ नावं ठेवली. लोक संतापण्याऐवजी खो खो हसले, आणि भावांना आपला खरा धंदा सापडला. माळेगावात खंडोबाच्या यात्रेला घोडे-गाढवांचा बाजार आणि तमाशाच्या कनाती शेजारी शेजारी असतात. तिथला सोंगाड्या तर असल्या व्यत्ययाची वाटच बघतो. बाहेर गाढव ओरडलं की ‘पाटील आले वाटतं’ म्हणायचं, आणि पाटलानं पुढच्या रांगेत बसून हसायचं.

पण दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करण्याला एक काळी बाजू आहे, आणि अमेरिकेत ती शब्दशः काळी होती. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या लोकांचं बोलणं वेडगळ करून दाखवायचे. १९२८ पासून रेडिओवर गाजलेल्या ‘एमोस अँड अँडी’ या मालिकेतले दोघे काळे गडी खरं म्हणजे दोन गोरे नट होते. बर्ट विल्यम्स (१८७४ ते १९२२) हा काळा विनोदवीर १९१० मध्ये झिगफेल्डच्या मोठ्या खेळात शिरला, गोऱ्या नटांच्या बरोबरीनं उभा राहिला. पण तोंडाला काजळी त्यालाही फासावी लागली. काळ्या माणसानंही गोऱ्यांनी काढलेलं काळ्याचं सोंग घालायचं. आमच्याकडं इतका क्रूर प्रकार नव्हता, दोन्ही एका मापात मोजू नयेत. तरी मुंबईला गेलेला आमचा नट ऑडिशनला ‘जरा गावठी करून दाखव’ ऐकायचा, तेव्हा काय होत असेल याचा थोडा अंदाज मला येतो.

ते सोंग मोडलं रिचर्ड प्रायरनं. १९४० मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरियात जन्म, आजीच्या घरी वाढला, आणि ते घर म्हणजे कुंटणखाना. सुरुवातीला तो सभ्य, गोऱ्यांना रुचेल असा विनोद करायचा. १९६७ मध्ये लास व्हेगासमधल्या कार्यक्रमातून अर्ध्यातच उठून निघून गेला. परतला तो आपल्या वस्तीची माणसं घेऊन: दारुडे, बाप, आजी, आणि मिसिसिपीकडचा मडबोन नावाचा गप्पिष्ट म्हातारा. मडबोन बोलायला लागला की मला आमच्या पारावरचे लोक आठवतात. मुद्द्यावर यायची घाई नाही, शिवी तोंडात सुपारीसारखी, आणि सगळ्या जगाचं ऐकून झाल्यावर शेवटचा टोला ह्याचाच. प्रायर आणि लक्ष्मण देशपांडे यांना एकमेकांचं नावही ठाऊक नसणार. प्रायरची भाषा देशपांडे सरांच्या सभागृहात चाललीही नसती. पण दोघांनी जे केलं ते एका जातीचं आहे. नक्कल दुसऱ्याच्या हातातून काढून घेतली.

पुढची पायरी मकरंद अनासपुरेची. तोही मराठवाड्याचा. ‘कायद्याचं बोला’ (२००५) हा चंद्रकांत कुलकर्णींचा सिनेमा ‘माय कझिन विनी’ (१९९२) या अमेरिकन सिनेमावर बेतलेला. मूळ सिनेमात जो पेशी हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला वकील. तो दक्षिणेत अलाबामाच्या कोर्टात जातो आणि न्यायाधीशाला त्याचे उच्चारच कळत नाहीत. आता हे मराठीत आणायचं कसं? ब्रुकलिन कुठून आणणार? त्यांनी मकरंदच्या वकिलाला आमच्याकडचा केला, नाव केशव कुंथलगिरीकर. कुंथलगिरी धाराशिव जिल्ह्यातलं, खव्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. मला ही जोडणी मूळ सिनेमाहून सरस वाटते. ब्रुकलिनचा माणूस बोलायला आडदांड असला तरी शेवटी मोठ्या शहरातला. आमचा केशव मागास मानलेल्या मुलखातून येतो. लोक आधी त्याच्या बोलण्याला हसतात, आणि उलटतपासणीला सुरुवात झाली की त्याच्या बाजूनं हसायला लागतात. हसण्याची दिशा फिरते तो क्षण थेटरात कानांनी ऐकू येतो. पुढचा ‘दे धक्का’ (२००८) हाही ‘लिटिल मिस सनशाईन’ या अमेरिकन सिनेमाच्या चालीवरचा, तिथली पिवळी व्हॅन इथं टमटम झाली. पण त्यात बोलीचा पेच तितका नाही, धावपळच जास्त.

लातूरचा सगळ्यात नावाजलेला विनोदी नट म्हणाल तर रितेश देशमुख. बाभळगावचा, पण त्याची गंमत हिंदीतली आणि चेहऱ्याची. लातूरची बोली त्यात शोधू नये. बोलण्यातली मजा ऐकायची तर त्याच्या वडिलांची भाषणं ऐकावीत. विलासराव विरोधकाला चिमटा काढायचे आणि विरोधकच आधी हसायचा. ‘वऱ्हाड’ची गादी देशपांडे सर २००९ मध्ये गेल्यानंतर माजलगावच्या संदीप पाठकनं चालवली. आता तर उदगीर, किनवट, औसा, कुठलंही पोरगं मोबाइलवर दोन मिनिटांचं सोंग टाकतं. काही पोरं झकास आहेत. काही मात्र पुण्याच्या बघणाऱ्याला खूश करायला आपल्याच आईला वेडी करून दाखवतात, डोळे फिरवतात, ‘येयलो’ शब्द गरज नसताना ताणतात. ती बर्ट विल्यम्सची काजळी आहे, फरक एवढाच की ती कुणी फासायला लावलेली नाही.

अमेरिकेतला आमच्या सगळ्यात जवळचा माणूस कुणी असेल तर विल रॉजर्स. १८७९ मध्ये ओक्लाहोमाच्या मुलखात जन्मलेला, चेरोकी रक्ताचा गुराखी. दोराचे फास फिरवता फिरवता सरकारवर बोलायचा, गावाकडच्या साध्या इंग्रजीत, आणि राष्ट्राध्यक्षसुद्धा हसायचे. वर्तमानपत्रात सदर, रेडिओ, सिनेमा, सगळीकडं तो. १९३५ मध्ये अलास्कात विमान पडून गेला. १९३१ च्या सुरुवातीला अर्कान्सा, ओक्लाहोमा, टेक्सास दुष्काळानं होरपळले होते. रॉजर्सनं तिथं गावोगाव कार्यक्रम केले आणि जमलेले पैसे दुष्काळग्रस्तांना दिले. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना मदत द्यायला फिरले, त्यातून नाम फाउंडेशन उभं राहिलं. मदत घ्यायला रांगेत बसलेल्या बायांपैकी कितीतरी जणींनी मकरंदला आधी फक्त हसवतानाच बघितलं असणार. त्यानं तिथं विनोद केला नाही, करायचाही नव्हता.

पण दुष्काळ म्हणून लातूरनं हसणं सोडलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, नळाला महिना महिना पाणी नाही, आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. त्यानं फोनवर आमंत्रण केलं. ‘दादा, पत्रिकेत आहेर आणू नये असं छापलंय, ते पाळा. पण नांदेडहून येताना टँकर आणला तर मी ‘नको नको’ करणार नाही, दारातच हळद-कुंकू लावून घेतो.’ आणि हे बोलून पठ्ठ्या माझ्या आधी स्वतःच इतका हसला की फोन त्याच्या बायकोला हातात घ्यावा लागला. तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता तिनंच सांगितला.